कंडम कीबोर्ड

त्यागी साहेबांनी तो कीबोर्ड कंडम केला मंगळवारी, आणि प्रभावती रामटेकेची टायपिंगची परीक्षा होती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. साहेबांना परीक्षेचं माहीत नव्हतं असं म्हणायला कुणाची जीभ धजणार नाही, कारण तिचा अर्ज त्यांच्याच सहीने पुढे गेला होता. सही करताना ते हसले होते. "अच्छा है, कोशिश करने में क्या जाता है," असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं होतं.

प्रभावती दिल्लीतल्या त्या सरकारी कार्यालयात शिपाई होती. कागदावर आता शिपाई म्हणत नाहीत, एम.टी.एस. म्हणतात, पण नाव बदललं म्हणून ट्रे हलका होत नाही. तिचा नवरा त्याच कार्यालयात क्लार्क होता. तो अचानक गेला तेव्हा अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली. "टाइपिंग आती है?" असं विचारलं गेलं, ती खरं ते बोलली, आणि नवऱ्याच्या खुर्चीऐवजी साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूल तिच्या वाट्याला आलं. त्या स्टुलावर तिने चौदा वर्षं काढली. शिपायाला क्लार्क होण्यासाठी खात्याची परीक्षा असते. हिंदीत मिनिटाला तीस शब्द, सलग दहा मिनिटं, आणि वय पन्नासच्या आत. प्रभावतीला डिसेंबरात पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे हा शुक्रवार हुकला की स्टूल कायमचं.

आता कुणी म्हणेल, एक कीबोर्ड गेला तर दुसरा घ्यावा. प्रभावतीचा डावा हात ज्याने बघितला नाही तोच असं म्हणेल. काही वर्षांपूर्वी ती बसमधून उतरताना पडली, मनगट मोडलं, हाड जुळलं पण तिरकं जुळलं. तेव्हापासून तो हात सपाट पडतच नाही. सरळ कीबोर्डवर तिची करंगळी कायम भलत्याच बटणावर जाऊन बसायची. त्यागींच्या आधी त्या खोलीत सुनीती मॅडम होत्या. त्यांनाही मनगटाचा त्रास, म्हणून डॉक्टरची चिठ्ठी लावून त्यांनी एक बिनवायरचा वाकडा कीबोर्ड मागवला होता. मधे फुगलेला, दोन्ही बाजूंना उतरता, बटणं दोन कळपांत विभागलेली. एकदा धूळ पुसता पुसता प्रभावतीने त्यावर हात ठेवला आणि तिरका पंजा बरोबर जागेवर बसला. मॅडमनी ते पाहिलं. "उद्यापासून साडेआठला येत जा," एवढंच म्हणाल्या. आठ महिने ती साडेआठला येत होती. वेग बत्तीसवर गेला होता.

मग मॅडमची बदली झाली आणि त्यागी आले. पहिल्याच आठवड्यात ते एका सकाळी लवकर पोचले आणि त्यांना आपल्या खुर्चीत आपला शिपाई बसलेला दिसला. तिला ते काहीच बोलले नाहीत. तसल्या माणसांची हीच खोड असते, ती खालच्याशी भांडतसुद्धा नाहीत. त्यांनी दिवे लागणारा नवा कीबोर्ड मागवला आणि जुना भांडारात पाठवला. कारण लिहिलं, 'अनुपयोगी'.

भांडार म्हणजे साहेबांच्या खोलीतूनच प्लायवूडची भिंत घालून काढलेली एक अरुंद पट्टी. भांडारपाल हणमंत सूर्यवंशी, लातूरकडचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला आणि नियमाला चिकट माणूस.

"जयभीम, दादा. तो वाकडा कीबोर्ड मला द्या."

"जयभीम. ताई, कंडम माल इमारतीबाहेर जात नाही."

"बाहेर कुणाला न्यायचाय? परीक्षा इथेच, पाचव्या मजल्यावर. आपला कीबोर्ड आणायची परवानगी आहे. तोवर जेवणाच्या सुट्टीत इथे बसून बडवते."

हणमंताने चष्मा वर केला, नियम आठवला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "आतल्या आत वापरायला देता येतो. इथे सही करा."

भांडारात एक म्हातारा संगणक होता. प्रभावतीने त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवला, पण तो ढिम्म. उलटा करून झाकण काढलं तर आतले सेल फुटून पांढरा-हिरवा थर साचलेला. तिने कॅन्टीनमधून अर्धं लिंबू आणलं, जुन्या दातब्रशने स्प्रिंगा घासघासून चकचकीत केल्या, पदराच्या टोकाने कोरड्या केल्या. मग सेल घातले. इथे तिचं चुकलं.

आर. के. पुरमच्या तिच्या क्वार्टरमध्ये सेलचा एक ठरलेला प्रवास असे. नवा सेल आधी टॉर्चमध्ये, तिथे मंदावला की भिंतीवरच्या घड्याळात, आणि घड्याळही थकलं की मगच कचऱ्यात. जीव असलेली वस्तू टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे तिने एक सेल नवा घातला आणि एक घड्याळातला काढून आणला. कीबोर्डवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. तिने सेल तळहातावर चोळले, उलटसुलट केले, खिडकीत उन्हाला ठेवले. दिवा पुन्हा तेवढाच लुकलुकला. असे दोन दिवस गेले.

घरी उन्नतीने, तिच्या लेकीने, घड्याळ बंद का म्हणून विचारलं तेव्हा भानगड बाहेर आली.

"मम्मी, तू एक नवा आणि एक जुना टाकलास?"

"जुना मेला नव्हता. घड्याळ चालत होतं त्याच्यावर."

"घड्याळाला काय लागतं, यार! जुना सेल नव्याला पण खाली ओढतो. दोन्ही नवे टाक, एकाच पॅकेटमधले. और सुन, असा वाकडा कीबोर्ड ऑनलाइन मिळतो. मागवू?"

"आणि त्याच्यावर बोटं बसायला आणखी आठ महिने लागतील, ते कुठून मागवशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या पिशवीत एकाच पाकिटातले दोन पेन्सिल सेल होते.

ते घातल्याबरोबर हिरवा दिवा लागला आणि लागून राहिला. प्रभावतीला इतका आनंद झाला की तिने हणमंतालाही ओढत आणून दाखवला. मग तिने 'क' दाबला. पडद्यावर काही नाही. सगळी बटणं दाबून पाहिली. पडदा कोरा.

हणमंताने संगणकाच्या मागे डोकावून पाहिलं. "ताई, याचा रिसीव्हर कुठे आहे?"

"तो काय असतो?"

"छोटी डबी असते, वायरीची. ती संगणकाला लावायची. डबीवरचं बटण दाबायचं, मग कीबोर्डच्या पोटातलं बटण दाबायचं, म्हणजे दोघं एकमेकांना ओळखतात. त्याच्याशिवाय हा मुका." त्याने रजिस्टर चाळलं आणि एका जागी बोट ठेवलं. "हे बघा. खरेदी दोन ओळींत आहे. कीबोर्ड एक, रिसीव्हर एक. साहेबांनी कंडमच्या यादीत नुसता कीबोर्ड लिहिला. रिसीव्हर अजून चालू माल आहे, त्यांच्या खोलीच्या नावावर."

"म्हणजे कुलूप भंगारात आणि किल्ली अजून साहेबांकडे."

"किल्ली मिळायला साहेबांची सही लागेल," हणमंत म्हणाला. त्याच्या आवाजात दिलगिरी होती, पण नियम म्हणजे नियम.

तिने चिठ्ठी लिहून त्यागींपुढे धरली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ऐसी कोई चीज़ मेरे कमरे में नहीं है."

"तो यही लिख दीजिए, सर."

पीडा टळावी म्हणून त्यांनी तेच चिठ्ठीवर लिहिलं, खाली सही केली. प्रभावतीने धूळ पुसायच्या निमित्ताने टेबल, खिडकी, कपाटाचा माथा, सगळं पालथं घातलं. टेबलाखालच्या लाकडी खणात संगणकाचा डबा होता, पण त्याला साहेबांचे पाय आणि कुलूप दोन्ही होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला.

दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. प्रभावती मुक्या कीबोर्डवर सराव करत राहिली. हिरवा दिवा लावून, कोऱ्या पडद्यापुढे, एखादं परिपत्रक समोर धरून ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बडवायची. चूक झाली की बोटाला कळतं, पडदा कशाला हवा, असं ती हणमंताला ठणकावून सांगे. मुक्या कीबोर्डवर परीक्षा होत नाही हे तिला कळत नव्हतं थोडंच.

बुधवारी सकाळी ती चहा ठेवत होती तेव्हा साहेबांनी सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल असं विचारलं, "परसों आपका इम्तिहान है न? तो परसों चाय कौन पिलाएगा?" दोघं-तिघं हसले. हसले म्हणजे हसावंच लागतं. ती ट्रे घेऊन बाहेर आली. जेवणाच्या सुट्टीत भांडारात बसली तेव्हा तिला डबा उघडावासा वाटेना, परिपत्रकही धरावंसं वाटेना. तिने हात ठेवले आणि जे मनात होतं ते मराठीत बडवायला सुरुवात केली. मुका तर मुका, शिव्या खायला बरा.

सप्टेंबर होता, कार्यालयात हिंदी पखवाडा चालू होता. एरवी जेवणाच्या सुट्टीत साहेब संगणक बंद करून बाहेर जात, पण आज भिंतीपलीकडे त्याच वेळी एक पांढऱ्या केसांचे अधिकारी हिंदीचं काम तपासायला आले होते. त्यागी त्यांना पडद्यावर एक टिप्पणी दाखवत होते. पूर्ण हिंदीत, सर, अगदी पूर्ण. संगणकावर हिंदी लावलेलीच होती, अक्षरांची मांडणी सुनीती मॅडमच्या काळातली तशीच होती. आणि साहेबांचे दोन्ही हात मांडीवर असताना, टिप्पणीच्या मधोमध अक्षरं उमटायला लागली.

प्रभावतीला नुसता आरडाओरडा ऐकू आला. स्टेनो धावत गेला, त्याच्यामागे बाकीचे. "वायरस है सर, हैक हो गया!" "हाथ मत लगाइए, सब निकालकर फ़ॉर्मेट करना पड़ेगा!" मग त्यागींचा आवाज आला, "ये तो मराठी लगती है. प्रभावती को बुलाओ, वो पढ़कर बताएगी."

ती आत गेली. सहा-सात जण पडद्याभोवती उभे होते. तिने पाहिलं. पडद्यावर तिचं मन होतं, ओळीखाली ओळ.

"पढ़िए," त्यागी म्हणाले. "क्या लिखा है? कोई धमकी है क्या?"

वाचण्यापूर्वी तिला दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक म्हणजे रिसीव्हर इथेच आहे, टेबलाखालच्या त्या कुलूपबंद खणात, संगणकाच्या पाठीला लटकलेला. काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि तो बिचारा इतके दिवस तिची वाट बघत बसलाय. दुसरी म्हणजे 'मला नाही कळत, जुनी मराठी आहे' एवढं म्हटलं की ती सुटली. मग स्टेनो सगळं उपटून नेईल, फॉर्मेट करेल, डबी कुठल्या तरी खोक्यात जाईल, आणि परवा पाचव्या मजल्यावर ती मुका कीबोर्ड मांडीवर घेऊन बसेल. नोकरी राहील. स्टूलही राहील.

तिने पदर खोचला आणि वाचलं. आधी मराठीत एक वाक्य, मग त्याचं हिंदी, कुठेही न गाळता.

"त्यागी साहेब, तुम्ही दिवसाला पाच चहा पिता. तो द्यायचं माझं काम आहे, त्याची मला लाज नाही. पण माझा नवरा या कार्यालयात क्लार्क होता आणि त्याच्या जागी मला स्टूल दिलं, कारण मला टायपिंग येत नव्हतं. चौदा वर्षांत मला कुणी शिकवलं नाही. एका बाईने शिकवलं तर तुम्ही तिचा कीबोर्ड भंगारात टाकलात. तुम्हाला भीती वाटते. उद्या ही बाई खुर्चीत बसली तर पाणी कुणाला मागायचं, ही तुमची भीती आहे. परवा मी पास होणार. परवा चहा तुमचा तुम्ही करा."

शेवटचं वाक्य हिंदीत सांगताना तिचा आवाज चढला होता. त्यागींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"ये... ये किसने लिखा है?"

"मैंने लिखा है, सर. अभी. दीवार के उस तरफ़ बैठकर."

"आपने?"

"आपको लगता था मुझसे होगा नहीं. देख लीजिए, आपके ही कंप्यूटर पर हुआ है." मग तिने टेबलाखाली बोट दाखवलं. "उस कीबोर्ड का रिसीवर इसी खाने में लगा है. खोल दीजिए."

"मेरे कमरे से कुछ नहीं जाएगा!"

हणमंत केव्हा दारात येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. त्याच्या हातात साहेबांच्या सहीची ती चिठ्ठी होती, प्रभावतीने भांडारात जमा केलेली. तो खाली मान घालून, सरकारी हिंदीत, हळूच बोलला. साहेबांनी स्वतः लिहून दिलंय की अशी कुठलीही वस्तू या खोलीत नाही. जी वस्तू खोलीत नाही ती खोलीच्या नावावर ठेवता येत नाही. ती भांडाराची झाली. भांडाराने ती आजच ताईंना दिली आहे, सही फक्त राहिली आहे.

पांढऱ्या केसांचे अधिकारी इतका वेळ पडद्याकडेच बघत होते. "भाषा तो हमारी जाँच में नहीं आती," ते म्हणाले, "पर जिसका भी हाथ है, चलता बहुत तेज़ है. मैं देख रहा था." त्यांच्यासमोर नाही म्हणणं त्यागींना जमेना. त्यांनी किल्ली टेबलावर आपटली. प्रभावतीने ती उचलली, गुडघ्यांवर बसली, खणात हात घालून ती काळी डबी ओढून काढली. उठताना कमरेत कळ आली तरी तिने कुणाला दिसू दिली नाही.

"आपको मेमो मिलेगा," त्यागी म्हणाले.

"दीजिए, सर. जवाब टाइप करके दूँगी."

मेमो त्याच संध्याकाळी मिळाला. 'वरिष्ठांशी असभ्य वर्तन, सरकारी संगणकात अनधिकृत मजकूर, तीन कामकाजी दिवसांत खुलासा करावा.' उन्नतीने तो वाचला आणि तिला रडू फुटलं. "मम्मी, सॉरी बोलून टाक ना. नोकरी गेली तर?"

"चौदा वर्षं सॉरीच बोलले गं," प्रभावती म्हणाली. "बोलण्यात बोललेलं नाही, पण उठण्याबसण्यात तेच होतं." तिलाही त्या रात्री झोप आली नाही, पण मेमोमुळे नाही. 'क्ष'वर तिचं बोट अजून अडखळत होतं.

शुक्रवारी पाचव्या मजल्यावर बावीस जण होते. टेबलं लोखंडी होती. तिने डबी लावली, डबीचं बटण दाबलं, कीबोर्डच्या पोटातलं दाबलं. काही नाही. देखरेखीवरचा माणूस म्हणाला, पाच मिनिटं आहेत, नाहीतर इथला सरळ कीबोर्ड घ्या. तिने सेल काढून परत बसवले, पुन्हा दोन्ही बटणं दाबली. अक्षर उमटलं, पुढची दोन गळाली. भांडारात गुरुवारी असं एकदाही झालं नव्हतं. पण भांडारातलं टेबल लाकडाचं होतं, इथलं लोखंड डबीला नीट ऐकू देत नव्हतं. तिने आपली पिशवी टेबलावर चढवली, डबी लोखंडापासून वीतभर उंच तिच्यावर ठेवली, आणि तिसऱ्यांदा बटणं दाबली. क, ख, ग, घ. एकही गळालं नाही. घंटा झाली.

दहा मिनिटं तिने वर पाहिलं नाही. 'क्ष' चार वेळा आला, चारही वेळा जागेवर बसला. वेग आला तेहतीस, चुका नियमात. तिने यादीवर सही केली.

सोमवारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती. त्यागींनी तिला आत बोलावलं. आवाज लोण्यासारखा. "मुबारक हो. देखिए, वो मेमो... छोड़िए. जवाब की ज़रूरत नहीं. मैं फाड़ देता हूँ, बात ख़त्म."

"नहीं, सर," ती म्हणाली. "मेमो पर नंबर पड़ा है. जवाब तो लगेगा."

तिने कागद पुढे ठेवला. भांडारात टाइप केलेला, एक पान, खाडाखोड नाही. त्यात तिने लिहिलं होतं की तो मजकूर तिचाच आहे, साहेबांच्या पडद्यावर तो चुकून गेला पण लिहिला तो चुकून नाही, आणि त्यातलं एकही वाक्य ती मागे घेत नाही. खाली तो मजकूर पुन्हा जसाच्या तसा दिला होता, मराठीत आणि हिंदीत, म्हणजे फाईल जिथे जिथे जाईल तिथे तो वाचला जाईल. तिला पोच हवी होती, तारखेसकट. त्यागींनी पोचेची सही केली.

सही करताना त्यांचं लक्ष तळाशी गेलं. क्लार्कपदाचा आदेश यायला अजून महिना होता, पण निकाल लागला होता. 'निवड झालेली उमेदवार' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. तिने तसं लिहिलं नव्हतं, एम.टी.एस.सुद्धा नाही; तो मजकूर स्टुलावरच्या बाईचा होता. नावाखाली, पानातल्या सगळ्यात मोठ्या ठशात, तिने 'शिपाई' लिहिलं होतं.